पाहुण्यांचे अरण्य आणि यजमानिणीचे गद्य

अमेरिकी अरण्यलेखनाची चर्चा बहुधा थोरोपासून सुरू होते आणि थोरोपाशीच परत येते. 'वॉल्डन' (१८५४) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले 'द मेन वूड्स' (१८६४) या दोन ग्रंथांनी या वाङ्मयप्रकाराचा निवेदक घडवला. तो एकटा असतो, पायी किंवा होडीतून हिंडतो, पाहतो, चिंतन करतो आणि परततो. यांतील 'परततो' या क्रियापदाकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. थोरोने मेनच्या अरण्यात १८४६, १८५३ आणि १८५७ अशा तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीत पेनॉब्स्कॉट जमातीचा जो वाटाड्या त्याच्याबरोबर होता, त्याच्याविषयीची पाने ग्रंथातील सर्वांत जिवंत पाने आहेत. तरीही ती पाहुण्याने लिहिलेली पाने आहेत. वाटाड्याला त्या फेरीचे दाम मिळाले. फेरीचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार मात्र पाहुण्याकडे राहिला.

या अधिकाराचे विभाजन पुढे एका व्यवसायाच्या रूपाने स्थिर झाले. विल्यम मरे या धर्मोपदेशकाचे अॅडिरॉन्डॅक डोंगरांवरील पुस्तक १८६९ मध्ये निघाले आणि त्या उन्हाळ्यात शहरी माणसांचे लोंढे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील रानात उतरले. मेनपासून मिनेसोटापर्यंत, आणि सरहद्दीपलीकडे ऑन्टारिओतही, तळ्यांच्या काठी लाकडी ओंडक्यांची घरे उभी राहिली. उन्हाळ्यात ट्राउट आणि सामन, पानगळीत हरीण आणि मूस यांच्यामागे येणाऱ्या पाहुण्यांची तेथे सोय होऊ लागली. इंग्रजीत या घरांना 'लॉज' म्हणतात. या शब्दाभोवती शेकोटी, भिंतीवरची शिंगे आणि पुरुषी मौन यांचे एक वलय आहे. मराठीत मात्र 'लॉज' म्हटले की 'लॉजिंग-बोर्डिंग'ची पाटी आठवते, आणि हा अर्थसंकोच येथे उपकारकच ठरतो. कारण पाहुण्याच्या बाजूने जे अरण्य असते, ते चालवणाऱ्याच्या बाजूने अखेर खाणावळच असते. किती माणसे जेवायला, किती दिवे, किती चादरी, बर्फ पुरेल की नाही, हे तिचे प्रश्न असतात.

ही खाणावळ चालवणाऱ्यांनी, बहुशः स्त्रियांनी, स्वतः लिहिलेली पुस्तके आहेत. ग्रंथालयांत ती 'आठवणी' किंवा 'प्रादेशिक' या कप्प्यांत ठेवली जातात आणि अरण्यलेखनाच्या सैद्धान्तिक चर्चेत येत नाहीत. या उपेक्षेचे कारण त्यांच्या वाङ्मयीन दर्जात शोधण्यापेक्षा त्यांच्या निवेदकाच्या स्थानात शोधावे लागते. या निवेदकापुढे असा एक पेच आहे जो थोरोपुढे कधीच नव्हता. तिला जी वस्तू विकायची आहे ती म्हणजे निर्मनुष्यता, आणि त्या निर्मनुष्य प्रदेशातले माणूस ती स्वतःच आहे. तिची चूल पेटली नाही तर पाहुणा येणार नाही, आणि चूल फार दिसली तर जे पाहायला तो आला ते उरणार नाही. स्वतःचे श्रम अदृश्य करणे हा या व्यवसायाचाच एक भाग असतो. तो करणारी व्यक्ती जेव्हा लिहायला बसते, तेव्हा अदृश्य केलेले पुन्हा दृश्य करावे लागते. या उलट-सुलट हालचालीतून या गद्याचा आकृतिबंध घडतो.

पाहुण्यांच्या वाङ्मयात हा श्रम कसा येतो, याचे एक उदाहरण उत्तरेतले नसले तरी बोलके आहे. फॉकनरच्या 'द बेअर' या दीर्घकथेत मिसिसिपीच्या रानातील शिकारी तळावर अॅश नावाचा कृष्णवर्णीय स्वयंपाकी आहे. त्यालाही एकदा शिकार करावीशी वाटते, आणि तो प्रसंग विनोदी होतो. फॉकनरसारख्या लेखकालाही, त्या तळावर स्वयंपाक करणाऱ्याने बंदूक उचलणे विनोदाच्या अंगानेच सांगावेसे वाटले, हे लक्षणीय आहे. आपल्याकडेही, वनाधिकारी म्हणून रानात राहिलेल्या मारुती चितमपल्लींसारख्यांचा अपवाद केला, तर अरण्यविषयक लेखनात विश्रामगृहाचा खानसामा हा बहुधा चहाबरोबर येतो आणि कपाबरोबर जातो.

'द बेअर' ज्या 'गो डाऊन, मोझेस' या पुस्तकात आहे, ते १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लुईझ डिकिन्सन रिच यांचे 'वुई टुक टू द वूड्स' हेही प्रसिद्ध झाले आणि अतिशय लोकप्रिय ठरले. मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेली ही शिक्षिका १९३३ मध्ये मेनच्या पश्चिम भागात कॅनूच्या सहलीला गेली असता तिची राल्फ रिच यांच्याशी गाठ पडली. पुढे रॅपिड नदीच्या काठचे 'फॉरेस्ट लॉज' हे त्यांचे घर झाले. ही नदी तिच्या नावाप्रमाणेच उतावळी आहे. होडी तिच्यातून सुखरूप जात नाही, म्हणून वरच्या तळ्यापासून खालच्या अम्बेगॉग तळ्यापर्यंत सुमारे पाच मैलांची एक कच्ची वाट आहे. त्या वाटेवरून मासेमारीला येणाऱ्यांचे सामान आणि होड्या जुन्या मोटारींतून वाहून नेणे हा राल्फ यांचा धंदा होता. ती वाट बाहेरच्या कोणत्याही रस्त्याला जोडलेली नव्हती. दोन तळ्यांच्या मधोमध, जगापासून तुटलेल्या पाच मैलांवर धावणाऱ्या या मोटारी हे त्या पुस्तकातील एक अविस्मरणीय दृश्य आहे. लेखिकेने त्याचे प्रतीक केलेले नाही, हे बरेच झाले.

या पुस्तकाची रचना विशेष विचार करण्यासारखी आहे. त्याचे प्रत्येक प्रकरण एका प्रश्नाच्या मथळ्याखाली येते: उपजीविका कशी चालते, बारा महिने येथेच राहता का, घरकाम अवघड जात नाही का, मुलांचे काय, भीती वाटत नाही का, कंटाळा येत नाही का, आणि शेवटी, हे सारे करण्याजोगे आहे का. हे प्रश्न लेखिकेचे नाहीत. पाहुण्यांनी वर्षानुवर्षे त्याच क्रमाने, त्याच स्वरात विचारलेले हे प्रश्न आहेत. म्हणजे पुस्तकाचा सांगाडा पाहुण्याचा आणि त्यावर चढवलेले मांस यजमानिणीचे, अशी ही संहिता आहे. वरवर पाहता ही शरणागती वाटते, कारण लेखिकेने आपले आयुष्य परक्याच्या कुतूहलाच्या चौकटीत मांडलेले दिसते. पण प्रकरणे वाचताना लक्षात येते की बहुतेक प्रश्नांची उत्तरे प्रश्नाला बगल देतात. घरकामाचा प्रश्न विचारणाऱ्याला गैरसोयींची यादी हवी असते. लेखिका मात्र चुलीचे स्वभाव, साठवणीचे हिशेब आणि हिवाळी व उन्हाळी घरांमधील स्थलांतर यांच्या तपशिलात शिरते आणि प्रश्नकर्ता दारातच उभा राहतो. मुलांच्या प्रश्नावर डॉक्टरावाचून, केवळ पतीच्या मदतीने झालेल्या बाळंतपणाची हकीकत येते. तिच्यात करुणा नाही आणि पराक्रमही नाही. एखादे अडलेले काम पार पडावे तसे ते पार पडते.

रिच यांच्या गद्यातील विनोदाचे पुष्कळ कौतुक झाले आहे. हा विनोद निर्मळ आहे, असे मात्र म्हणता येत नाही. आसपासचे लाकूडतोडे, धरणावरची माणसे, वसंतात नदीतून ओंडके खाली नेणारे कामगार यांची चित्रे रेखाटताना ती पाहुण्यांच्या नजरेची उसनवारी करते आणि 'रानातली विक्षिप्त पात्रे' हा ठरीव साचा वापरते. जो साचा आपल्यावर लादला जातो म्हणून ती हसून सुटका करून घेते, तोच साचा ती शेजाऱ्यांवर लादते. या विसंगतीचे मूळ तिच्या अर्थव्यवहारात आहे. घरात येणाऱ्या पैशाचा एक भाग सामानवाहतुकीतून येई, तर दुसरा तिच्या लेखनातून, प्रथम मासिकांतील कथांतून आणि मग या पुस्तकातून. म्हणजे लेखन हीच तिची दुसरी खाणावळ होती आणि तिचा वाचक हा न आलेला पाहुणा होता. त्यालाही आवडीचे वाढावे लागे. पुस्तक निघाल्यावर काही वर्षांतच पतीचे निधन झाले आणि तिचे रानातील वास्तव्य संपत गेले. मेनविषयीचे तिचे लेखन मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

लेखन आणि पाहुणचार यांची ही सांगड रिच यांच्यापासून सुरू झाली असेही नाही. मेन राज्याने १८९७ मध्ये वाटाड्यांना परवाने देण्याची पद्धत सुरू केली. पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या स्त्रीला मिळाला, आणि ती वृत्तपत्रांतून मासेमारीवर सदर लिहिणारी लेखिका होती. वाटाड्या, जाहिरातकार आणि लेखक या तीन भूमिका या परंपरेत आरंभापासूनच एकात एक गुंतलेल्या आहेत. 'शुद्ध' निसर्गलेखनाच्या कसोटीवर हे गद्य उणे ठरते, ते याच कारणाने. परंतु ही कसोटी कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाला अधिक धारदार रूप येते ते मिनेसोटाच्या उत्तर टोकाशी. सुपीरिअर सरोवराच्या काठच्या ग्रँड मरे गावापासून एक रस्ता आत रानात, कॅनडाच्या हद्दीकडे जातो. त्याच्या वाटेवर गनफ्लिंट हे तळे आहे आणि आंतरराष्ट्रीय सीमा त्या तळ्याच्या मधून जाते. जस्टिन कर्फूट (१९०६–२००१) यांच्या आईने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथील एक छोटेसे लॉज विकत घेतले. जस्टिन प्राणिशास्त्राच्या पदवीधर होत्या. १९२९ नंतरच्या मंदीत कुटुंबाचे इलिनॉयमधील घर गेले आणि उन्हाळ्यातली हौस बारमाही उपजीविका झाली. त्यांचे 'वुमन ऑफ द बाउंडरी वॉटर्स' हे आत्मकथन १९८६ मध्ये, म्हणजे जवळजवळ सहा दशकांच्या व्यवहारानंतर, प्रसिद्ध झाले.

रिच यांच्या पुस्तकानंतर कर्फूट यांचे पुस्तक वाचणाऱ्याला प्रथम ते रुक्ष वाटते. त्यात प्रश्नकर्ता नाही, आणि म्हणून त्याला खुलवण्याची धडपडही नाही. प्रसंग कामांच्या क्रमाने येतात. हिवाळ्यात तळ्यातून बर्फाच्या लाद्या कापून लाकडाच्या भुशात रचायच्या, कारण जुलैमधल्या पाहुण्याचा मासा त्यावर टिकणार असतो. कुत्र्यांच्या गाड्या हाकायच्या, झाडाझाडांवरून ओढलेली टेलिफोनची एकेरी तार वादळानंतर शोधत जाऊन जोडायची, नळ गोठले तर ते दुरुस्त करायला स्वतःच शिकायचे. १९५३ मध्ये मुख्य इमारत आगीत गेली आणि पुन्हा उभी करावी लागली. स्वतःच्या भावजीवनाविषयी लेखिका कमालीची अल्पाक्षरी आहे. आत्मचरित्राच्या रूढ निकषावर हे वैगुण्य ठरेल. पण येथे 'स्व' हा अंतर्मुख चिंतनातून घडतच नाही, तो कौशल्यांच्या संचयातून घडतो. ती काय वाटले ते सांगत नाही, काय करता येऊ लागले ते सांगते. थोरोच्या परंपरेतील निवेदक अरण्यात जाऊन स्वतःला सापडतो. कर्फूट यांच्या निवेदनात स्वतःला शोधायला सवडच नाही, आणि तिची खंतही नाही.

अॅनेट कोलॉड्नी यांनी 'द लँड बिफोर हर' (१९८४) या ग्रंथात असे मांडले की सीमाप्रदेशातील स्त्रियांनी पुरुषांच्या 'अस्पर्श भूमी'च्या कल्पनेऐवजी बागेची आणि घराची कल्पना जोपासली. त्यांचे विवेचन १८६० पर्यंतचे आहे. लॉजच्या यजमानिणीला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. तिला बाग करून चालत नाही, कारण बाग पाहायला पाहुणा येत नाही. तिला घर करायचे असते आणि त्या घराच्या खिडकीबाहेर 'अस्पर्श भूमी' तशीच दिसत राहील याची खबरदारीही घ्यायची असते. पुरुषांची कल्पना आणि स्त्रियांची कल्पना या दोहोंचा सांधा तिच्या व्यवसायात आहे.

कर्फूट यांच्या पुस्तकाचे खरे मोल आणखी एका ठिकाणी आहे. तळ्याच्या पलीकडच्या, कॅनडाच्या काठावर ओजिब्वे कुटुंबे राहत होती. बर्फावरून चालणे, रानातले अन्न, प्राण्यांच्या वाटा हे शहरातून आलेल्या या पदवीधर मुलीला त्यांच्याकडून शिकावे लागले, आणि पाहुण्यांना तळी दाखवणारे वाटाडेही त्यांच्यातून येत. हा प्रदेश ओजिब्वेंकडून १८५४ च्या ला पॉइंट येथील तहाने घेण्यात आला होता. पाहुणा ज्याला निर्मनुष्य समजून आला, त्या प्रदेशात एक यजमान दुसऱ्या, अधिक जुन्या यजमानाकडून यजमानकी शिकत होता. लेखिका त्याचा सिद्धान्त करीत नाही, किंबहुना त्यातील सत्तासंबंधाची तिला पुरेशी जाणीव आहे असेही दिसत नाही. पण ती माणसे तिच्या पुस्तकात नावानिशी, कसबांनिशी आणि विनोदबुद्धीनिशी वावरतात, आणि त्यामुळे संहिता लेखिकेच्या जाणिवेपलीकडे काही सांगून जाते.

आता ज्या मजकुराने या साऱ्या जगण्यावर निर्णायक परिणाम केला, त्याकडे वळावे लागते. तो मजकूर म्हणजे अमेरिकेचा १९६४ चा वन्यप्रदेश कायदा. त्याचा मसुदा हॉवर्ड झाह्नायझर या संपादकाने प्रामुख्याने तयार केला. अनेक आवृत्त्यांतून गेलेल्या या मसुद्याला कायद्याचे रूप येण्यापूर्वी काही महिने झाह्नायझर वारले. त्यातील व्याख्येचा आशय असा की जेथे माणूस हा केवळ अभ्यागत असतो आणि मागे राहत नाही, तो वन्यप्रदेश. कायद्यातील व्याख्या सहसा वाङ्मयीन समीक्षेचा विषय होत नाहीत, पण ही व्हायला हवी. 'परततो' हे थोरोच्या निवेदकाचे क्रियापद येथे कायद्याच्या भाषेत आले आहे. शंभर वर्षे एका वाङ्मयप्रकाराने पाहुण्याची दृष्टी हीच अरण्याची दृष्टी म्हणून रुजवली आणि मग शासनाने तिला कायद्याचे बळ दिले. या व्याख्येत यजमानाला जागाच नाही. तेथे राहणारा तो राहत असल्यामुळेच विसंगत ठरतो.

विल्यम क्रोनन यांनी १९९५ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात वन्यता ही सांस्कृतिक निर्मिती असल्याचे दाखवले. त्याआधी, १९८९ मध्ये, रामचंद्र गुहा यांनी हाच अमेरिकी आदर्श भारतासारख्या देशात नेल्यास अभयारण्यांच्या नावाखाली रानात राहणाऱ्यांना किंमत मोजावी लागते, हे परखडपणे मांडले होते. मेळघाटातील कोरकूंच्या गावांचे पुनर्वसन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा मुद्दा निराळा समजावून द्यावा लागत नाही. मात्र दोन्ही स्थितींची सरसकट बरोबरी करणे योग्य नव्हे. लॉजचा मालक हा जमीन विकत घेऊन आलेला असतो आणि कोरकू तेथलाच असतो. या तुलनेत त्याचे स्थान ओजिब्वेपेक्षा त्याच्या पाहुण्याला अधिक जवळचे आहे.

मिनेसोटाच्या सीमावर्ती तळ्यांत हा संघर्ष कायद्याच्याही आधीपासून चालू होता. रस्तेविरहित क्षेत्रातील खाजगी लॉजे सरकारने विकत घ्यावीत यासाठी १९४८ मध्ये तरतूद झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या १९४९ च्या आदेशाने त्या क्षेत्रावरून खालच्या उंचीने विमाने नेण्यास बंदी आली आणि विमानाने पाहुणे आणणारी लॉजे मोडीत निघाली. १९७८ च्या कायद्याने सुमारे अकरा लाख एकरांच्या या प्रदेशात बहुतेक तळ्यांवर मोटारबोटींना बंदी वा मर्यादा घातली आणि अनेक लॉजमालकांना मालमत्ता सरकारला विकण्याचा मार्ग ठेवला. गनफ्लिंट तळे सीमेच्या जरा बाहेर राहिले, म्हणून कर्फूट यांचे लॉज टिकले.

या संघर्षातील सर्वांत गुंतागुंतीचा लेखक सिगर्ड ओल्सन (१८९९–१९८२) हा आहे. 'द सिंगिंग विल्डरनेस' (१९५६) हा त्याचा ऋतुक्रमाने रचलेला निबंधसंग्रह या प्रदेशाचे अभिजात पुस्तक मानला जातो आणि त्याचे गद्य त्या मानाला पात्र आहे. पण ओल्सन तरुणपणी वाटाड्या होता आणि पुढे दीर्घकाळ पाहुण्यांना होड्या, तंबू व शिधा पुरवणाऱ्या कंपनीचा भागीदार होता. त्याच्या प्रौढ निबंधांत हा व्यवसाय जवळजवळ दिसत नाही. शांतता दिसते, पहाटेचे धुके आणि लून पक्ष्याची साद दिसते. शिधा कोणी बांधला, हे दिसत नाही. यजमानाने आपला गल्ला झाकून पाहुण्याच्या आवाजात लिहिले, आणि त्यामुळेच तो थोरोच्या पंक्तीत बसला. १९७७ मध्ये ईली या त्याच्याच गावी, मोटारबंदीच्या प्रश्नावरील जाहीर सुनावणीच्या वेळी, त्याची प्रतिमा फासावर लटकवण्यात आली. संतापलेल्या गावकऱ्यांची ही कृती असभ्य होती. तरी तिच्यात एक वाचनही होते: या गद्यात आपली उपजीविका कोठे आहे, असे ते लोक विचारत होते. ओल्सनची बाजू घेणाऱ्या समीक्षकांनी या वाचनाला उत्तर देण्याऐवजी त्याला अडाणीपणा म्हटले. दुसरीकडे, मोटारींचे आवाज आणि लाकूडतोड यांपासून ती तळी वाचली, याचे श्रेय ओल्सनच्या गद्याकडे जाते, हेही तितकेच खरे आहे. कर्फूट यांच्या गद्याने एकही तळे वाचले नसते. या गद्याची बाजू घेणाऱ्यांनी ही अडचण टाळता कामा नये.

जिने एकही पुस्तक लिहिले नाही अशी एक यजमानीण या विवेचनात शेवटी घ्यावी लागते. शिकागोहून आलेल्या डॉरोथी मोल्टर या परिचारिकेला नाइफ तळ्यातील बेटांवरचे एक लॉज १९४८ मध्ये वारशाने मिळाले. विमाने बंद झाल्यावर बाटलीबंद पेये येणे थांबले, तेव्हा मागे राहिलेल्या रिकाम्या बाटल्यांत ती स्वतः 'रूट बिअर' हे गोड पेय बनवून भरू लागली. कायद्याने तिचे बेट वन्यप्रदेशात गेले, पण लोकांच्या आग्रहामुळे तिला हयातभर तेथे राहण्याची मुभा मिळाली. होडी वल्हवत आणि मधल्या वाटांवर ती खांद्यावर घेऊन, दर उन्हाळ्यात हजारो लोक तिच्याकडे येत. विक्रीला मनाई होती, म्हणून पैसे देणगी म्हणून ठेवले जात. मोडलेली वल्ही पाहुणे तिच्याकडे सोडून जात आणि त्यांचे तिने कुंपण केले होते. जेथे कोणी मागे राहायचे नाही अशा प्रदेशात ती एकटी मागे राहिलेली होती, आणि लोक तेथे येत ते बहुशः तिलाच भेटायला.

डिसेंबर १९८६ मध्ये ती वारली. तिच्या झोपड्यांचे ओंडके सुटे करून गोठलेल्या तळ्यांवरून ईलीला नेण्यात आले आणि तेथे १९९३ मध्ये त्यांचे संग्रहालय झाले. पाहुण्यांची वल्हीही तेथे आहेत. नाइफ तळ्यातील बेटे आता व्याख्येप्रमाणे आहेत. संग्रहालयात मात्र तिच्या नावाची रूट बिअर मिळते, आणि तेथे ती विकत घेता येते.